डाव्या हाताचा ब्रेक

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात सायकल शिकलेला माणूस कुठंही ओळखू येतो. त्याला फक्त थांबताना बघा. डाव्या हाताची बोटं ब्रेकवर आवळली जातील आणि उजवा हात मुठीवर नुसता पडून राहील, रुसलेल्या व्याह्यासारखा. ही शिकवण इनायतचाचांची. मी त्यांच्याकडंच शिकले, माझा नवरा बालाजीही तिथंच शिकला, आणि गावातल्या निम्म्या लोकांचे गुडघे त्यांच्याच दुकानासमोर सोलून निघाले.

चाचांचं सायकलचं दुकान आणि माझं शिवणाचं दुकान यांच्यामध्ये एक पत्रा आहे. पत्र्याच्या अलीकडं मी ब्लाऊज शिवते, पलीकडं ते पंक्चर काढतात. पत्र्यातून बोललेलं सगळं ऐकू येतं आणि न बोललेलंही बरंच कळतं. म्हणून त्यांची गोष्ट मी सांगते. दुसरं कुणी सांगायला बसलं तर सुरुवातच 'म्हातारा येडा झाला होता' अशी करील. येडा अजिबात झाला नव्हता.

चाचांनी साठी कधीच ओलांडली. नाकावर चष्मा, त्याची एक काडी म्हणजे सायकलच्या चाकाची तार वाकवून केलेली. माणूस तापट. पंक्चर काढताना कुणी 'जरा लवकर करा' म्हणालं की चाक तसंच त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या, तुमीच करा लवकर." पण वाकड्या चाकाचा आउट काढायला बसले की लेकराच्या डोक्याला तेल लावावं तसे बसत. चाक फिरवायचं, कान लावायचा, एक तार किंचित पिळायची, पुन्हा फिरवायचं. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, बिलकीसचाचीनं सुद्धा नाही.

त्यांचा नियम एकच होता. नवी सायकल आली की आधी पुढच्या चाकाचे ब्रेकचे रबरी गुटके काढून टाकायचे. आपल्याकडं उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो आणि डाव्या हाताचा मागच्या. पुढचं चाक एकदम अडलं की माणूस हँडलवरून उडतो, असं त्यांना त्यांच्या उस्तादांनी सांगितलं होतं. त्यामुळं गोरेगावच्या सायकलींना उजव्या बाजूला ब्रेकची दांडी असते, तारही असते, पण ती आवळली तरी चाकाला काही लागत नाही. नुसती दांडी मुठीला येऊन टेकते.

"उजवा हात मेला समज," ते शिकणाऱ्याला सांगत. "मेलेल्या माणसाला हाक मारतो का आपन?"

पुरावा समोरच असायचा. समोरच्या चहाच्या हॉटेलातले तातेराव. त्यांना लग्नात नवीकोरी सायकल मिळाली होती आणि ती चाचांकडं न नेता त्यांनी परस्पर चालवली. उतारावर कुत्रं आडवं आलं, तातेरावांनी दोन्ही ब्रेक दाबले आणि समोरचे दात रस्त्यावर ठेवून आले. अजून बोलताना त्यांची शिट्टी वाजते. चाचा नव्या पोरांना आधी तातेरावांसमोर उभं करत आणि म्हणत, "तातेराव, जरा साखर म्हना." तातेराव चिडून शिव्या देत, त्यातही शिट्टी वाजे. पोरं हसत, आणि उजवा हात जन्मभर विसरून जात.

पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या. भाड्यानं सायकल नेणारं कुणी उरलं नाही. मग शाळेतल्या मुलींना सरकारी सायकली मिळू लागल्या आणि दुकानात थोडी धुगधुगी आली. शेजारच्या साखरा गावच्या, आसपासच्या वाड्यांच्या मुली नवी सायकल घेऊन आधी चाचांकडं येत, पुढचे गुटके काढून घेत आणि मगच घरी जात. त्यांच्या आयाच तसं बजावून पाठवत, कारण त्या आयाही चाचांकडंच शिकलेल्या.

चाचांना एकुलता एक मुलगा, उजैर. याच दुकानात वाढला. चालायच्या आधी पंप मारायला शिकला, असं चाची म्हणते. हात बापाचा, पण जीव बापाचा नाही. बाप घाबरट आणि पोरगं निडर. गावात असला उतार नाही जिथून त्यानं हात सोडून सायकल सोडली नसेल. पण हात सोडायच्या आधीही त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर असत आणि हात परत आले की ती आपोआप तिथंच जात. ती बोटं चाचांनी बसवलेली होती, चाकाची तार बसवावी तशी.

उजैर नांदेडला महागड्या सायकलींच्या दुकानात कामाला लागला. तिथं विशाखापट्टणचा एक माणूस आला. त्याच्याकडं डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकली होत्या आणि तो पाहुण्यांना टेकड्यांवरून खाली समुद्रापर्यंत घेऊन जायचा. त्याला सायकल दुरुस्त करणारा आणि चालवणाराही माणूस पाहिजे होता. उजैर गेला. नांदेडहून थेट रेल्वे आहे, म्हणून चाचीला वाटलं, जवळच असेल.

चाचांकडं बटणांचा फोन. म्हणून उजैर व्हिडिओ माझ्या फोनवर पाठवायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चाचा हात पुसत माझ्याकडं येत आणि स्टुलावर बसत. मी फोन धरायची. त्यांच्या बोटांचं ग्रीस काचेला लागू नये म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं, बघायचं, हात लावायचा नाही.

पहिला व्हिडिओ आला तेव्हा चाचांनी स्टूल पुढं ओढलं. कॅमेरा उजैरच्या छातीवर बांधलेला, त्यामुळं त्याचे दोन्ही हात, हँडल आणि पुढची वाट दिसायची. लाल मातीची टेकडी, काजूची झाडं, मधे नागीण लोळल्यासारखी वाट, कुठं हातभर रुंद, कुठं तेवढीही नाही. मी तिथून चालतसुद्धा गेले नसते. आणि खाली समुद्र. एवढा मोठा की आधी मला ते आभाळच वाटलं. उजैर उतरता उतरता सांगत होता, या वाटा कुणी बांधल्या नाहीत, शेळ्यांनी पाडल्या आहेत, आम्ही फक्त दगड बाजूला केले.

"शेळीला चार पाय असतेत," चाचा म्हणाले. "तिला ब्रेक लागत न्हाई."

उजैर हसत होता. वाट जितकी वाकडी तितका जास्त हसत होता. तसं हसताना आम्ही त्याला गोरेगावात कधी पाहिलं नव्हतं. चाचाही हसले. मग एकदम म्हणाले, "थांबव."

मी थांबवलं. त्यांनी माझी ताकीद विसरून काचेवर बोट ठेवलं. "ही नळी बघ कुठं चालली." डाव्या हाताच्या ब्रेकपासून एक काळी नळी निघून खाली पुढच्या चाकाकडं गेली होती. चाचांनी ती पुन्हा पुन्हा बघितली. व्हिडिओ मागं न्यायला लावून बघितली, पुढं न्यायला लावून बघितली. त्यांचा चेहरा उतरला. मला काहीच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उजैरला फोन लावला. आवाज मोठा करून मधे ठेवला.

"व्हय अब्बा," उजैर म्हणाला. "इधर सब उल्टाच है. बाहेरच्या देशातल्या सायकली हैत. डावा म्हंजे पुढचा, उजवा म्हंजे मागचा."

"मग बदल की! एवढंही येत न्हाई का तुला?"

"तेलाचे ब्रेक हैत, आपल्यासारखी तार न्हाई. आन् मालक न्हाई म्हनतात. सगळ्या सायकली एकसारख्या पाह्यजेत म्हनतात. एक उलटी ठिवली आन् ती चुकून पाव्हन्याच्या हातात गेली तर?"

मला त्या न पाहिलेल्या मालकाचा राग आला होता, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. भांडायला कुणी समोर नसतं तेव्हाच माणूस जास्त जळतो.

"मला सवय झाली अब्बा," उजैर म्हणाला.

"सवय डोक्याला होते. मानूस भ्यालं की हात डोक्याला इचारत न्हाई. तुझा डावा जाईल ब्रेकवर. मीच बसवलाय तो तिथं."

उजैरनं मग खरं काय ते सांगितलं. सुरुवातीला दोनदा त्याचा हात तसा गेला होता आणि तो झुडपात पडला होता. तेव्हापासून त्यानं डाव्या बोटाला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. बोट ब्रेकला टेकलं की पट्टी टोचायची. "भ्यालो की डावा सोडायचा, उजवा आवळायचा. हेच पाठ करून राहिलो. तुमी फिकीर नका करू."

फिकीर नका करू म्हणणं सोपं. त्या दिवसानंतर चाचांनी समुद्र बघितला नाही, झाडं बघितली नाहीत. कुठलाही व्हिडिओ आला की ते फक्त ते एक बोट बघायचे. एका वळणावर वाट समुद्राच्या अंगाला कलते आणि तिथं डावीकडं जमीनच नाही. ते वळण आलं की चाचांचा डावा हात माझ्या स्टुलाची कड घट्ट आवळायचा. एकदा त्यांनी स्वतःच तो हात बघितला. बघत राहिले आणि हळूच मांडीखाली दाबून ठेवला.

"फोनातून पाना जात न्हाई, साधना," ते म्हणाले.

बिलकीसचाची म्हणाली, परत बोलवा त्याला. चाचांनी तिला विचारलं, "काय सांगून बोलवू? ये, माझ्याजवळ बसून मुलींचे पंक्चर काढ म्हनू? बघितलं न्हाई का त्याला हसताना?" ज्याला अडवायचं तो सुखात आहे आणि त्या सुखातच त्याचा घात आहे, अशा जागी आईबापांनी करायचं तरी काय? मी शिवण शिवत होते, पण सुई कुठं चालली होती तेच कळत नव्हतं. त्या दिवशी एक बाही उलटी जोडली.

मग चाचांनी ते केलं ज्यावरून गाव त्यांना येडा म्हणायला लागलं. स्वतःच्या सायकलच्या तारा त्यांनी अदलाबदल केल्या. पुढचे गुटके डब्यातून शोधून बसवले, डावा हात पुढच्या चाकाला जोडला, उजवा मागच्या. म्हणजे उजैरच्या सायकलसारखी केली. हात पलटायला किती वेळ लागतो, काय केल्यानं पलटतो, ते आपल्या अंगावर बघायचं आणि पोराला सांगायचं. डाव्या बोटाला ट्यूबची पट्टीही गुंडाळली.

ज्या माणसानं गावाला उजवा हात मेला म्हणून शिकवलं, तोच आता उजव्या हातानं थांबायला शिकू लागला. तातेरावांना तर सणच झाला. हॉटेलाच्या दारात उभं राहून ते ओरडायचे, "इनायतभाई, जरा साखर म्हना की!" चाचा चिडत नव्हते. सकाळ-संध्याकाळ बाजारातून फिरायचे, ओठ हलवत. मला वाटायचं दुआ म्हणत असतील. जवळून ऐकलं तर म्हणत होते, डावा सोड, उजवा आवळ.

आणि जमायला लागलं. हळूहळू त्यांचा डावा हात सैल राहू लागला. एक दिवस माझ्यासमोर येऊन त्यांनी उजव्या हातानं झकास सायकल थांबवली आणि पट्टी सोडून माझ्या टेबलावर टाकली. "पलटतो गं हात! उजैर खरं सांगत होता." त्या दिवशी त्यांनी तातेरावांना स्वतःहून चहा पाजला. ते तसे हसले की उजैर कुणावर गेलाय ते कळतं.

त्याच आठवड्यात पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर एक कालवड पळत आडवी आली. चाचांचा डावा हात गेला. पुढचं चाक जागेवर अडलं आणि चाचा हँडलवरून पलीकडं. खांद्याचं हाड मोडलं. लोकांनी उचलून आणलं तेव्हा दुखण्याचा आवाज त्यांच्या तोंडून आला नाही. फक्त मला म्हणाले, "पलटला न्हाई, साधना. लपून बसला होता." मला रडू आलं. हाड जुळून येणार होतं. पण त्यांना त्या विशाखापट्टणच्या वळणावर आता काय दिसत असेल, ते मला माहीत होतं.

"उजैरला एक शब्द सांगू नको," त्यांनी मला शपथ घातली. "वळनावर त्याला हे आठवलं म्हंजे? आठवलं की हात थरथरतो."

हात गळ्यात बांधलेला असतानाच चाचीनं त्यांना सायकलसमोर बसवलं. "हे भूत आधी घरातून काढा. जशी होती तशी करा." चाचांनी एका हातानं पाना फिरवला, चाचीनं तार धरली. डावा ब्रेक पुन्हा मागच्या चाकाला. पुढचे गुटके पुन्हा डब्यात. उजवी दांडी पुन्हा रिकामी.

त्यानंतरचे महिने मी सांगत बसत नाही. व्हिडिओ येत, चाचा बघत. बघून झाल्यावर ते उगाच एखादं चाक काढून त्याचा आउट काढत बसत. चाक सरळ असलं तरी.

रमजान ईदेला उजैर आला. काळवंडलेला, रुंद झालेला, केस वाढलेले. आल्या आल्या चाचांनी त्याचा डावा हात हातात घेतला. बोटाला पट्टी नव्हती.

"आता लागत न्हाई अब्बा. कधीची काढली."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. पट्टी काढून टेबलावर टाकण्याचा खेळ आम्ही दोघांनी आधी बघितला होता. त्यांनी पोराला काही म्हटलं नाही. रात्रभर प्रवास करून आलंय, ईद आहे, लेकरू समोर आहे, जेवून घेऊ दे, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. उजैर मला मात्र कौतुकानं सांगत होता की पुढचा ब्रेकच खरा थांबवतो, मागचा नुसता घसरवतो, फक्त तो हळू लावायला शिकावं लागतं. "अब्बानं आख्ख्या गावाचा खरा ब्रेक काढून ठिवलाय," तो हसून म्हणाला. चाचा ऐकत होते. त्यांनी वाद घातला नाही.

दर ईदेला शीरखुर्म्याचा पहिला डबा आमच्या घरी येतो. आमचं घर बाजाराच्या खाली, साखऱ्याच्या रस्त्याला लागून, छोट्या पुलाजवळ. मी आणि बालाजी दारातच उभे होतो. उजैर पांढरा कुर्ता घालून, डबा हँडलला अडकवून, बापाची सायकल घेऊन उतारावरून येताना दिसला. तो उतार म्हणजे उताराची थट्टा आहे. शेळीच काय, कोंबडीसुद्धा तो उतार म्हणून मोजणार नाही. उजैरनं लांबूनच "साधनाताई!" म्हणून हाक मारली.

तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक शाळकरी मुलगी सायकलवर बाहेर आली. मान खाली, पायाकडं बघत.

इतके महिने मी चाचांबरोबर तेच बघत आले होते, म्हणून माझी नजर आपोआप त्याच्या हातांवर गेली. डाव्या हाताची बोटं उघडली. पूर्ण उघडली. आणि उजव्या हातानं ब्रेक आवळला. दांडी सरळ जाऊन मुठीला टेकली. सायकल तशीच येत राहिली.

उजव्या दांडीला काही नाही हे उजैरला माहीत नव्हतं का? त्या दुकानातच तो जन्माला आला म्हटलं तरी चालेल. डोक्याला सगळं माहीत होतं. त्यानं हँडल वळवलं, मुलगी वाचली आणि तो पुलाच्या कठड्यावर गेला. पडताना त्यानं उजवा हात पुढं केला होता. पांढऱ्या कुर्त्यावर दूध आणि शेवया सांडल्या होत्या. मुलगी आपली सायकल धरून रडत उभी होती आणि मला त्या क्षणी तिचाही राग आला, जिचा काही दोष नव्हता.

बालाजीनं आमची जीप काढली. चाचा धावत आले, अनवाणी. हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला पाठवलं. मनगटाचा चुरा झाला होता. आत स्टीलची पट्टी घालून हाड बसवलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण मूठ पूर्ण मिटेल असं सांगता येत नाही.

हिंगोलीच्या वाटेवर जीपमध्ये उजैर बापाच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. मागं वळून बघायचं धाडस मला होत नव्हतं. त्यानं डोळे उघडले आणि दुखण्यातही त्याच्या तोंडावर ते टेकडीवरचं हसू आलं.

"अब्बा, देखे? हात पलटला. तुमी उगीच डरत होते."

चाचांना जगात जे एक वाक्य ऐकायचं होतं ते हेच. महिनोन्‌महिने त्यांनी याच वाक्यासाठी ओठ हलवले होते. त्यांनी मान हलवली. "व्हय बेटा," म्हणाले, "पलटला." आणि मग हिंगोली येईपर्यंत ते पोराच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. नांदेडच्या दवाखान्यात, चाची पाणी आणायला गेली तेव्हा, मला हळू आवाजात म्हणाले, "ती गुटकं मी दोनदा काढली, साधना. एकदा शिकून आन् एकदा भिऊन." नका मनाला लावून घेऊ, मी म्हणाले. अशा वेळी माणूस जे बोलतो ते तेवढंच पोकळ असतं.

विशाखापट्टणहून मालकाचे फोन आले. बरा झालास की ये, म्हणाले. चांगला माणूस होता, तोही बिचारा. मग त्या वाटांचे व्हिडिओ दुसऱ्या कुणाच्या छातीवरून येऊ लागले. उजैर ते माझ्या दुकानात बसून बघायचा. चाचा आता बघायला येत नव्हते.

शाळा सुरू झाल्या. साखऱ्याची दिपा आपल्या मुलीला आणि नव्या सायकलला घेऊन आली. दिपाही चाचांचीच शिष्या. पडताना शिव्या द्यायची म्हणून आम्हा सगळ्यांना आठवणारी. उजैर दुकानासमोर बाकावर बसला होता. मनगटावर व्रण, बोटं अर्धवट वळलेली.

"चाचा, पुढची गुटकं काढून द्या," दिपा म्हणाली.

चाचांनी पाना उचलला, चाकासमोर बसले. बसूनच राहिले. मग म्हणाले, "र्‍हाऊ दे दिपा. पुढचाच ब्रेक खरा हाय. दोन्ही हळूहळू लावायचे असतेत. मी शिकवतो लेकराला."

"असं काहून? तुमीच तर शिकवलं आमाला. उजवा हात मेला समज म्हनून."

"चुकलो असंल मी."

दिपाला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. ती तातेरावांकडं बघून हसली. मग चाचांचा चेहरा बघून तिला अवघडल्यासारखं झालं. "आता काय चुकता चाचा," ती म्हणाली. "आख्खं गाव तसंच चालवून राहिलं. मला घोर नको, बाबा." तिनं सायकल वळवली आणि स्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानाकडं निघाली. चाचांनी तिला अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार?

मुलगी पुढं सायकलवर, दिपा मागून चालत. बाजाराच्या टोकाला उतार सुरू होतो तिथं एक वासरू रस्त्यात आलं. मुलीनं डाव्या हातानं ब्रेक दाबला. सायकल नीट थांबली. वासरू निघून गेलं. काहीसुद्धा झालं नाही.

इकडं बाकावर उजैरचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता. बोटं हवेतच मिटत गेली, जिथपर्यंत मिटतात तिथपर्यंत, आणि मधेच अडली. उजैरला ते कळलंही नव्हतं, तो वासराकडं बघत होता. चाचांनी बघितलं. मी बघितलं.

चाचा पाना हातात घेऊन तसेच बसून होते. "तातेरावला चहा सांग गं, साधना," ते म्हणाले. मी हाक मारून तीन चहा सांगितले.